येरवड्याच्या मैदानातील दोन विमाने

शिरूरहून पुण्याला निघालेली गाडी रांजणगाव, शिक्रापूर, कोरेगाव भीमा, वाघोली ही गावे मागे टाकीत खराडीला येते आणि तेथून येरवड्याच्या गर्दीत शिरते. घोडनदीच्या पेठेतील व्यापारी कुटुंबांना हा रस्ता पाठ आहे. मालाची खरेदी, बँकेचे काम, मुलांचे महाविद्यालय, एखाद्या नातेवाइकाकडचे मंगलकार्य किंवा साधु-साध्वींचे दर्शन, यांपैकी काही ना काही निमित्ताने तो सतत घडतो. वाटेत लोहगावच्या धावपट्टीकडे झेपावणारी विमाने दिसतात. लहान मुले क्षणभर मान वर करतात आणि मोठी माणसे आपल्या हिशेबात गढलेली असतात.

याच रस्त्याच्या पुण्याकडील टोकाला, येरवडा तुरुंगाच्या जवळच्या मैदानावर, सुमारे नव्वद वर्षांपूर्वी दोन लहान विमाने पावसाळा काढीत असत. त्यांच्यासोबत तीन वैमानिक आणि तीन यंत्रकारागीर असत. भारतातील एका मोठ्या विमानसेवेचा सारा संसार तेव्हा एवढाच होता. मुंबईचे जुहूचे मैदान समुद्राला लागून. पहिल्या जोरदार पावसातच ते पाण्याखाली जाई. मग ही मंडळी आपले सामान गुंडाळून घाटावर येत आणि येरवड्याहून टपाल नेत-आणत. जैन साधु-साध्वी चातुर्मासात विहार थांबवून एका गावी स्थिर होतात. या विमानांनीही पावसाळ्यापुरते पुणे हेच आपले गाव मानले होते. मात्र त्यांचे काम थांबत नसे.

पायी विहार करणाऱ्या संतांना वंदन करणाऱ्या समाजाने विमानाच्या कथेत रस का घ्यावा, असा प्रश्न कोणाला पडेल. त्याचे उत्तर असे, की ही कथा यंत्राची कमी आणि भागीदारीची अधिक आहे. दिलेला शब्द, वेळेची शिस्त, प्रतिस्पर्ध्याला केलेली मदत आणि गेलेल्या मित्राची आठवण या गोष्टी व्यापारी घराला परक्या नाहीत.

स्पर्धेतील प्लग

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म १९०४ साली पॅरिसमध्ये झाला. आई फ्रेंच, वडील पारशी. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील आर्देलो या गावी या कुटुंबाचे सुटीतले घर होते. इंग्लिश खाडी विमानातून प्रथम ओलांडणारे लुई ब्लेरिओ यांचे घरही त्याच गावी होते. तेथील वाळूवर उतरणारी विमाने पाहून या मुलाच्या मनात उड्डाणाची ओढ निर्माण झाली आणि पंधराव्या वर्षी त्याने पहिली हवाई फेरी केली. पुढे १० फेब्रुवारी १९२९ रोजी मुंबईत त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिलेल्या परवान्यांत त्याचा क्रमांक होता एक.

त्याच वर्षाच्या अखेरीस आगाखान यांनी एक बक्षीस जाहीर केले. इंग्लंड आणि भारत यांमधील अंतर जो भारतीय एकट्याने विमान चालवून प्रथम पार करील, त्याला ५०० पौंड मिळणार होते. दिशा कोणतीही चालणार होती. १९३० च्या वसंतात तीन तरुण या स्पर्धेत उतरले. त्यांपैकी जे. आर. डी. कराचीहून इंग्लंडकडे निघाले, तर अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून कराचीकडे. अस्पी तेव्हा अवघे सतरा वर्षांचे होते. दोघांचीही विमाने जिप्सी मॉथ जातीची, उघड्या बैठकीची आणि लाकूड-कापडाच्या बांधणीची होती.

अस्पींना या वाटेचा अनुभव होता. त्याच वर्षी मार्च महिन्यात ते आणि त्यांचे मित्र आर. एन. चावला हे दोघे मिळून अशाच एका जिप्सी मॉथमधून भारतातून इंग्लंडला गेले होते. पुढे-मागे अशा दोन बैठका, मध्ये इंजिनाचा गोंगाट आणि खाली वाळवंट, अशा स्थितीत दोन मित्रांनी खंड ओलांडले. बक्षीस मात्र एकट्याने केलेल्या प्रवासाला होते. म्हणून परतीच्या वाटेवर अस्पी एकटे होते.

इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळच्या अबुकीर येथील विमानतळावर जे. आर. डी. उतरले, तेव्हा त्यांना तेथे अस्पींचे विमान उभे दिसले. इंजिनाचे स्पार्क प्लग निकामी झाले होते, जवळ सुटे प्लग नव्हते आणि हा मुलगा तेथे अडकून पडला होता. जे. आर. डीं.कडे सुटे प्लग होते. पुढचा निम्मा प्रवास त्यांनाही करायचा होता, समोरचा तरुण त्यांचा थेट प्रतिस्पर्धी होता आणि तो जितका वेळ अडकेल तितका यांचाच लाभ होता. तरीही त्यांनी आपल्याजवळचे काही प्लग काढून त्याला दिले. अस्पींनी कृतज्ञतेने आपले जीवरक्षक जाकीट त्यांना भेट दिले. दोघे आपापल्या दिशेने उडाले.

अस्पी ११ मे रोजी कराचीला पोहोचले. जे. आर. डी. त्यानंतर काही तासांनी इंग्लंडमधील क्रॉयडनला उतरले. बक्षीस अस्पींना मिळाले आणि ज्याने प्लग दिले तो मागे राहिला. पुढे अस्पी हवाई दलात गेले, एअर मार्शल झाले आणि १९६० ते १९६४ या काळात भारतीय हवाई दलाचे प्रमुख होते. जे. आर. डीं.नी या पराभवाची खंत कधी बाळगली नाही. दोघांचा स्नेह पुढेही टिकला.

जीवांनी एकमेकांना उपकारक व्हावे, हा जैन विचाराचा एक आधार आहे. तो बहुधा प्रवचनात ऐकावयास मिळतो. बाजारात, जेथे समोरचा दुकानदार आपले गिऱ्हाईक नेत असतो, तेथे तो आचरणे कठीण. अबुकीरची घटना म्हणूनच लक्षात ठेवण्याजोगी. तेथे मदत करणाऱ्याला मदतीची किंमत आधीच दिसत होती आणि ती त्याने चुकतीही केली.

दोन लाखांची भागीदारी

या स्पर्धेच्या आधीपासून जे. आर. डीं.च्या समोर आणखी एक प्रस्ताव होता. तो आणणारे नेव्हिल विन्सेंट हे दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले आणि ब्रिटिश हवाई दलात सेवा केलेले वैमानिक. एका मित्रासह ते जुनी विमाने घेऊन भारतात आले होते. गावोगावी उतरून लोकांना आकाशाची फेरी घडवावी, वरून छायाचित्रे घ्यावीत आणि त्यावर निर्वाह करावा, असा त्यांचा क्रम होता. देशभर हिंडताना त्यांना एक गोष्ट दिसली. १९२९ पासून लंडनहून विमानाने येणारे टपाल कराचीपर्यंत झपाट्याने पोहोचत असे. तेथून पुढे मात्र ते रेल्वेने जाई आणि विमानाने वाचवलेला वेळ पुन्हा खर्ची पडे.

दौंडच्या लोकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. मुंबईहून मद्रासकडे जाणारा लोहमार्ग पुणे ओलांडून दौंडला येतो आणि पुढे सोलापूर, रायचूर, गुंटकल असा दक्षिणेला जातो. मद्रासच्या टपालाची पोती घेऊन डाकगाडी दौंडच्या फलाटावर थांबे, इंजिनाला पाणी-कोळसा मिळे आणि मगच ती पुढे निघे. शिरूरला तर रेल्वेच नाही. तेथील पेढीवर येणारा कागद सडकेनेच यावयाचा. दराची चिठ्ठी, हुंडी, माल रवाना झाल्याची वर्दी, या सर्वांसाठी टपालाची वाट पाहणे हा व्यापाराचाच भाग होता. कागद दोन दिवस उशिरा आला तर भाव बदललेला असे. टपालाचा वेळ म्हणजे पैसा, हे व्यापाऱ्याइतके कोणी जाणत नसे.

कराचीपासून अहमदाबाद, मुंबई, बळ्ळारी आणि मद्रास अशी हवाई टपालसेवा सुरू करावी, अशी विन्सेंट यांची कल्पना होती. त्यांच्याजवळ अनुभव होता, भांडवल नव्हते. जे. आर. डीं.च्या मागे टाटा सन्ससारखी पेढी होती, पण तेव्हा ते पंचविशीतले होते आणि अंतिम निर्णय त्यांच्या हाती नव्हता. पेढीचे प्रमुख सर दोराबजी टाटा वृद्ध झाले होते आणि या नव्या खटाटोपाविषयी साशंक होते. जॉन पीटरसन हे पेढीतील ज्येष्ठ संचालक जे. आर. डीं.चे मार्गदर्शक. त्यांनी सर दोराबजींना समजावले. रक्कम थोडी आहे आणि मुलगा निष्ठेने मागतो आहे, तेव्हा संधी द्यावी, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. दोन लाख रुपये मंजूर झाले. विन्सेंट यांना नफ्यात वाटा ठरला. एकाचे भांडवल, दुसऱ्याचे कसब आणि दोघांचे कष्ट, अशी ही जुन्या वळणाची भागीदारी होती.

सरकारची संमती मिळविण्यात तीन वर्षे गेली. आरंभी सरकारकडे अनुदानाची मागणी होती. ती मान्य होईना, तेव्हा या दोघांनी अनुदानाचा आग्रह सोडला. जितके टपाल नेऊ तितक्याचे वजनाप्रमाणे पैसे द्यावेत, एवढेच त्यांनी मागितले. नुकसान झाले तर ते आपले, या अटीवर अखेर १९३२ च्या एप्रिलमध्ये करार झाला. सर दोराबजी त्याच वर्षी जूनमध्ये निवर्तले. आपण होकार दिलेली सेवा सुरू झालेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

१५ ऑक्टोबर १९३२

त्या दिवशी सकाळी साडेसहाच्या सुमारास जे. आर. डी. कराचीच्या ड्रीग रोड विमानतळावरून पुस मॉथ विमान घेऊन निघाले. हे विमान एका इंजिनाचे, बंद बैठकीचे आणि वैमानिकाखेरीज फार तर दोन माणसांना जागा देणारे होते. त्या दिवशी उतारूंच्या जागी टपालाच्या थैल्या होत्या. वाट दाखविणारा रेडिओ नव्हता. खालचा किनारा, नद्या आणि रेल्वेचे रूळ पाहून दिशा ठरवायची, एवढेच साधन. अहमदाबादला इंधनासाठी थांबा होता. तेथे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणून विमानात रिते करण्यात आले. बैलगाडीने विमानाला इंधन पुरविले, हे त्या काळच्या भारताचे खरेखुरे चित्र होते.

दुपारी दोनच्या आत विमान जुहूच्या मैदानावर उतरले. तेथे विन्सेंट दुसरे पुस मॉथ घेऊन तयार होते. मद्रासच्या थैल्या एका विमानातून दुसऱ्यात गेल्या आणि विन्सेंट दक्षिणेकडे उडाले. रात्री उड्डाणाची सोय नसल्याने त्यांनी बळ्ळारीला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी मद्रास गाठले. पहिली मजल एका मित्राने मारली, दुसरी दुसऱ्याने. त्यामुळे भारतातील या हवाई टपालाचा पहिला प्रवास कोणा एकाचा म्हणता येत नाही.

सेवा आठवड्यातून एकदा चाले. जुहूला विमाने ठेवण्यासाठी नारळीच्या झावळ्यांची शेड होती. पावसाळा आला की ही सारी मंडळी येरवड्याला येत. त्या मैदानाशेजारच्या तुरुंगातच सप्टेंबर १९३२ मध्ये महात्मा गांधींचे उपोषण आणि पुणे करार घडला होता. देशाचे राजकारण आणि देशाची हवाई सेवा, दोन्ही काही काळ एकाच भिंतीच्या दोन बाजूंना होती.

पहिल्या वर्षी या दोन लहान विमानांनी सुमारे १ लाख ६० हजार मैलांचा प्रवास केला आणि दहा टनांहून अधिक टपाल वाहिले. १५५ उतारूही नेले. नफा झाला साठ हजार रुपये. त्याहून मोलाची गोष्ट अशी, की वर्षभरात एकही टपाल उशिरा पोहोचले नाही. वेळ पाळण्याचे प्रमाण शंभर टक्के राहिले आणि सरकारी अहवालात त्याची प्रशंसा झाली. मान्सूनचे ढग, सह्याद्रीचे घाट, रेडिओविना उड्डाण आणि कच्ची मैदाने, हे सारे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे मोल कळते. जुन्या पेढ्यांवर सांगितले जात असे, की गिऱ्हाईक माल एकदा पाहते आणि शब्द रोज पाहते. या सेवेने आपला शब्द वर्षभर, दर आठवड्याला पाळला. साठ हजारांचा नफा त्यामागून आला.

समाजातील एक नाव

विमानाच्या या प्रारंभकाळाशी जैन समाजाचेही एक नाव जोडलेले आहे. सोलापुरात १८८२ साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद हे बांधकाम, जहाज, साखर अशा अनेक उद्योगांचे निर्माते. दौंडच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १९३९ साली परदेशातील एका विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन विमान-व्यावसायिकाशी गाठ पडली. योगायोगाने झालेल्या या ओळखीतून भारतात विमान बनविण्याचा विचार पुढे आला. म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगलोर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. युद्धाच्या धामधुमीत १९४२ साली सरकारने ती ताब्यात घेतली आणि शेठजींना आपल्या हाताने लावलेल्या रोपापासून बाजूला व्हावे लागले.

रोप मात्र वाढले. याच कारखान्यात डॉ. विष्णु माधव घाटगे या मराठी अभियंत्याच्या मार्गदर्शनाखाली एच. टी. २ हे दोन आसनी प्रशिक्षण विमान तयार झाले आणि १९५१ साली आकाशात गेले. पुढे १९५८ मध्ये पुष्पक हे आणखी लहान, शेजारी-शेजारी दोघांनी बसावयाचे विमान आले. देशातील उड्डाण मंडळांतून अनेक तरुणांनी पुष्पकवर पहिले धडे घेतले. ही विमाने आता जुन्या वस्तूंच्या वर्गात मोडतात. लहान विमानात दोन आसने असतात, त्यांतील एक शिकणाऱ्याचे आणि दुसरे विश्वास ठेवणाऱ्याचे. ही परंपरा उभी करणाऱ्यांत एका जैन व्यापाऱ्याचा वाटा आहे, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे.

मित्राविना

१९४२ सालच्या जानेवारीत विन्सेंट इंग्लंडमध्ये होते. भारतात विमाने बनविण्याच्या टाटांच्या योजनेसाठी ते तेथे गेले होते. काम आटोपून ते एका लढाऊ बनावटीच्या विमानातून भारताकडे निघाले. ते विमान फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ नाहीसे झाले. शत्रूने ते पाडले असावे, असा निष्कर्ष निघाला. वयाची चाळिशी गाठण्यापूर्वीच हा भागीदार गेला.

त्यानंतरच्या काळात टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली. ८ जून १९४८ रोजी मुंबई-लंडन सेवा सुरू झाली. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले आणि जे. आर. डी. अध्यक्ष म्हणून राहिले. फेब्रुवारी १९७८ मध्ये तत्कालीन सरकारने त्यांना त्या पदावरून दूर केले. पंचेचाळीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने जिची पहिली थैली वाहिली, त्या संस्थेतून त्यांना असे निघावे लागले. वालचंद शेठजींना बंगलोरात जे सोसावे लागले, तेच वेगळ्या रूपाने येथे घडले. उद्योग उभारणाऱ्या माणसाला हातातील गोष्ट सोडावी लागते, तेव्हा त्याची खरी परीक्षा होते. संग्रह केला तरी त्याला चिकटून राहू नये, अशी शिकवण ज्या घरांत आहे त्यांना हे लगेच उमगावे. जे. आर. डीं.नी कटुता धरली नाही. पुढे १९८० मध्ये त्यांना पुन्हा संचालक मंडळावर घेण्यात आले, अध्यक्षपद मात्र परत आले नाही.

आणि मग १५ ऑक्टोबर १९८२ हा दिवस उजाडला. पहिल्या टपालाला पन्नास वर्षे होत होती. जे. आर. डी. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. पुस मॉथच्याच घराण्यातील लेपर्ड मॉथ हे जुने विमान दुरुस्त करून सज्ज करण्यात आले. वृद्ध जे. आर. डी. पुन्हा कराचीहून निघाले, पुन्हा अहमदाबादला थांबले आणि जुहूच्या त्याच मैदानावर, स्वागतासाठी जमलेल्या लोकांसमोर उतरले. जुन्या विमानांचे असे सोहळे जगात अनेक ठिकाणी होतात. माणसे दूरदूरहून आपापली लहान विमाने घेऊन तेथे जमतात. ज्याने मूळ प्रवास केला, त्यानेच पन्नास वर्षांनी तो पुन्हा करावा, हे मात्र क्वचितच घडते. निराशेच्या काळात देशातील तरुणांना थोडी उमेद मिळावी, एवढाच आपला हेतू होता, असे त्यांनी नंतर सांगितले.

जुहूला त्या दिवशी एक गोष्ट घडू शकली नाही. १९३२ साली तेथे दुसरे विमान उभे होते आणि त्यात विन्सेंट बसलेले होते. १९८२ मध्ये थैली पुढे नेणारे ते हात नव्हते. या सेवेचे श्रेय जे. आर. डी. नेहमी विन्सेंट यांना देत आले. आपल्याला सारे जग ओळखते आणि भागीदाराचे नाव लोक विसरतात, हे त्यांना माहीत होते. म्हणून ते त्याचे नाव पुन्हा पुन्हा घेत.

जुनी विमाने कशासाठी

जुने विमान उडविण्यात खर्च आहे आणि धोकाही आहे. त्याचे सुटे भाग मिळत नाहीत, कारागीर दुर्मीळ होतात, कापड आणि लाकूड यांची निगा सतत राखावी लागते. तरीही भारतीय हवाई दलाने आपल्या जुन्या विमानांचा एक वेगळा ताफा जोपासला आहे. प्रशिक्षणाचे टायगर मॉथ विमान दुरुस्त होऊन २०१२ च्या हवाई दल दिनी हिंडन येथे पुन्हा आकाशात दिसले. १९४७ च्या काश्मीर मोहिमेची आठवण जागविणारे डकोटा विमान २०१८ मध्ये ‘परशुराम’ या नावाने दलात परत आले. ते नव्याने सज्ज करून दलाला भेट देणाऱ्याचे वडील स्वतः डकोटाचे वैमानिक होते. घरातल्या जुन्या वह्या आपण जपून ठेवतो. त्यांतील येणी-देणी केव्हाच संपलेली असतात, पण आजोबांचे अक्षर त्यांत असते. जुनी विमाने उडविणाऱ्यांची भावना याहून फार निराळी नसावी.

या वाटेवर पुढची पिढीही आली आहे. मुंबईच्या आरोही पंडित आणि कीथेअर मिस्किटा या दोन मैत्रिणी जुलै २०१८ मध्ये एका अतिशय हलक्या, दोन आसनी विमानातून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या. त्या विमानाचे नाव माही. त्याचे वजन एखाद्या लहान मोटारीहूनही कमी. दोघींचे वय तेव्हा विशीच्या आसपास. पंजाबातून निघून आशिया आणि युरोप ओलांडताना दोघी सोबत होत्या. मे २०१९ मध्ये स्कॉटलंडहून आइसलँड आणि ग्रीनलँडमार्गे कॅनडा गाठताना विमानात एकटी आरोही होती. एवढ्या हलक्या विमानातून एकटीने अटलांटिक पार करणारी ती जगातील पहिली स्त्री ठरली.

त्यानंतर १५ ऑक्टोबर २०२२ रोजी, पहिल्या टपालाला नव्वद वर्षे झाली तेव्हा, हीच आरोही माही घेऊन भुजहून निघाली. कराचीहून निघणे आता शक्य नव्हते, म्हणून भुज. पुढे अहमदाबाद आणि शेवटी जुहू. जुन्या पद्धतीला धरून तिने आधुनिक दिशादर्शक साधने वापरली नाहीत आणि विमान सात हजार फुटांच्या खालीच ठेवले. नव्वद वर्षांपूर्वी पेढीतील ज्येष्ठांनी एका तरुणाला दोन लाख रुपये आणि एक संधी दिली होती. या मुलींच्या बाबतीत घरच्यांनी आणि गुरूंनी तेच केले. व्यापारी घरांत मुलगा दुकानावर बसेल आणि मुलगी चांगल्या घरी जाईल, हे गृहीत धरण्याचे दिवस ओसरत आहेत. मुलगी समोर येऊन काही निराळे मागते, तेव्हा काय उत्तर द्यावे, हा प्रश्न शिरूर आणि दौंडच्या घरांतही आज उभा आहे. पीटरसन यांनी सर दोराबजींना जे समजावले, ते त्या वेळी आठवावे.

दिवाळीला वहीपूजनाच्या वेळी नव्या वहीच्या पहिल्या पानावर गौतमस्वामी आणि शालिभद्र यांचे स्मरण करून शुभ-लाभ लिहिण्याची रीत जैन पेढ्यांत पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. त्यानंतरच्या पानांवर जमा आणि नावे येतात. अबुकीरला दिलेल्या प्लगची नोंद अशा कोणत्याही वहीत होत नाही. झावळ्यांच्या शेडमध्ये थैली घेऊन वाट पाहणाऱ्या भागीदाराचीही होत नाही. ती नोंद कोणीतरी बोलून ठेवावी लागते. पुढच्या खेपेस शिरूरची गाडी येरवड्यापाशी वाहतुकीत अडकली, तर शेजारी बसलेल्या मुलाला किंवा मुलीला एवढे सांगायला हरकत नाही, की येथेच जवळ कोठेतरी एका मैदानात पावसात दोन विमाने उभी असत, आणि ती वेळेवर निघत.